हरवली होती ती सकाळ : लॉकडाऊनमधलं एमबीबीएस, फोन आणि झोप

पोफळबन

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. निमित्त झालं मावसभावाचं. यंदा सेकंड इयर एमबीबीएसला आहे. दिवाळीत घरी आला तर रात्री तीन-तीन वाजेपर्यंत फोन आणि दुपारी बारापर्यंत झोप. मावशी म्हणाली, "तू डॉक्टर ना, दोन शब्द सांग त्याला." मी तोंड उघडलं आणि थांबले. कारण जे सांगणार होते तेच २०२० मध्ये मला सगळे सांगत होते, "फोन ठेव आणि झोप". त्याचा काडीइतकाही उपयोग झाला नव्हता.

मी २०१९ च्या बॅचची. ऑगस्टमध्ये एका सरकारी कॉलेजात फर्स्ट इयरला लागले. नवा अभ्यासक्रम आमच्यापासूनच सुरू झालेला. सात महिने होस्टेल, डिसेक्शन हॉल, बोटांना येणारा फॉर्मलिनचा वास, आणि मार्च २०२० च्या तिसऱ्या आठवड्यात सांगितलं, घरी जा. पंधरा दिवसांचे कपडे घेऊन निघाले. ॲप्रन खोलीच्या दारामागे खुंटीलाच राहिला.

आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात. नारळी-पोफळीची वाडी, समोर ओटी, मागे पडवी. घरात रेंज मिळायची ती फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात. म्हणून बाबांनी तिथे कॉट टाकून दिली. पुढचे अडीच महिने माझं कॉलेज, लायब्ररी, मैत्रिणींशी गप्पा आणि झोप, सगळं त्या एका कॉटवर होतं.

दिवस कसा जायचा ते सांगते. लेक्चर नऊला. आठ पन्नासला डोळे उघडायचे, उशाखालचा फोन काढायचा, कॅमेरा बंद, माइक बंद, हजेरी लागली की कूस बदलायची. ब्रेकियल प्लेक्सस (हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं) मी अशी आडवी पडून, अर्धवट झोपेत ऐकली. दुपारी पुन्हा डुलकी. दिवसाचा दीड जीबी डेटा संध्याकाळपर्यंत संपलेला असायचा आणि रात्री बाराच्या ठोक्याला नवा मिळायचा. त्यामुळे माझा खरा दिवस बाराला सुरू व्हायचा. गावही झोपलेलं, रेंजवर ताण कमी. मग लेक्चरचे व्हिडिओ उतरवून घ्यायचे. ते उतरत असताना ग्रुपवर चक्कर. मग आज राज्यात किती पेशंट वाढले. मग कोणीतरी पाठवलेला इटलीतला व्हिडिओ. मग तो बघून छातीत धडधडायला लागलं म्हणून काहीतरी हलकंफुलकं. साडेतीनला डोळे चुरचुरायचे. साडेचारला आई उठायची, तिच्या पावलांचा आवाज आला की फोन पालथा घालून मी झोपेचं सोंग घ्यायची.

३ जूनला दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळलं. तीन-चार तासांत वाडी आडवी झाली. आजोबांनी लावलेल्या पोफळी मधोमध मोडल्या, पडवीची कौलं उडाली, विजेचे खांब रस्त्यावर. लाइट नाही, टॉवर बंद. फोन उरला तो फक्त बॅटरी म्हणून.

पहिल्या तीन रात्री हात आपोआप उशाखाली जायचा. काहीच येणार नाही हे माहीत असूनही मी स्क्रीन उघडून बघायचे. दिवसभर सगळे वाडीत. झावळ्या ओढायच्या, कोयत्याने तोडायच्या, ढीग लावायचे. मेणबत्त्या पुरवून वापरायच्या म्हणून साडेसातलाच जेवण. पाचव्या की सहाव्या दिवशी मला नऊला पेंग आली आणि पहाटे साडेपाचला कोणी न उठवता जाग आली. जाग आल्यावर डोकं इतकं स्वच्छ होतं की मीच दचकले. ते दिवस सुखाचे होते असं मी मुळीच म्हणत नाही. बाबा संध्याकाळी ओटीवर बसायचे आणि तासभर एक शब्द बोलायचे नाहीत. पण झोप लागत होती, आणि होस्टेलवरही कधी लागली नव्हती अशी गाढ.

बाविसाव्या दिवशी आमच्याकडे लाइट आली. आठ दिवसांत मी पुन्हा रात्री तीनवर.

तेव्हा मला स्वतःचा फार राग आला. वाटलं, आपल्यात इच्छाशक्तीच नाही. पुढे फिजिऑलॉजी नीट वाचल्यावर तो राग निवळला. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं काम बघणं नाही, बाहेर उजेड किती आहे ते मेंदूतल्या घड्याळाला कळवणं. सकाळचा उजेड ते घड्याळ पुढे ओढतो, म्हणजे रात्री झोप लवकर येते; रात्रीचा उजेड मागे ढकलतो, म्हणजे झोप उशिरा येते. घरात भर दिवसाही दोन-तीनशे लक्स उजेड असतो, बाहेर ढगाळ असलं तरी काही हजार. पडवीत पडून राहिलेल्या मला सकाळचा उजेड मिळतच नव्हता. उरला फक्त रात्रीचा, तोही नाकासमोर.

म्हणून माझं म्हणणं असं, की आमची रात्र बिघडली ती आधी सकाळ गेली म्हणून. आठच्या लेक्चरला चालत जाणं, मेसचा नाश्ता, हजेरीसाठी उभं राहणं, हे सगळं आम्हाला कटकट वाटायचं. आमचं घड्याळ रोज त्यानंच लागत होतं. तुमच्यापैकी जे तेव्हा मेडिकलला होते, शिकवत होते किंवा घरात असं मूल होतं, त्यांनी कृपया लिहा.

गोदाकाठ

ताई, बाराच्या ठोक्याचं वाचून अंगावर काटा आला. मला वाटायचं असं फक्त माझंच होतं.

मी नांदेड जिल्ह्यातला, मेडिकलला मनिलाजवळ होतो. २०२० मध्ये परत आलो आणि फिलिपिन्सने दारं बंद केली ती केली. वर्ष-दीड वर्ष घरूनच लेक्चर. तिथली घड्याळं आपल्या अडीच तास पुढे. तिथलं आठचं लेक्चर म्हणजे इथे पहाटे साडेपाच. आमच्या मॅडम कॅमेरा चालू ठेवायला लावायच्या आणि प्रश्न विचारायच्या, त्यामुळे पाचला उठून, तोंड धुऊन, टेबलाशी बसणं भाग होतं. आई उठायच्या आधी मी गच्चीवर जाऊन बसायचो, कारण आत धाकटे झोपलेले. सहाच्या सुमारास पुस्तकावर ऊन यायचं.

आज तुमचं वाचून लक्षात येतंय, की फोनवर मीही दहा-बारा तास असायचो. तेच ग्रुप, तेच व्हिडिओ, भविष्याची काळजी तर तुमच्याहून जास्त. पण साडेदहाला मी आडवा. इथल्या कॉलेजात असलेला माझा मित्र, माझ्यापेक्षा शंभर पटीनं शिस्तीचा, तो मात्र चारला झोपायचा. मला तेव्हा वाटायचं मी थकतो म्हणून झोपतो.

खडू_फळा

मी मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे सामाजिक आरोग्याचा विषय, शिकवतो. धागा अतिशय प्रांजळ आहे. थोडं अभ्यासाच्या बाजूनं लिहितो.

त्या दोन वर्षांत 'इंटरनेटचा अतिवापर आणि झोप' या विषयावर मेडिकलच्या मुलांचे सर्व्हे जगभर झाले. आमच्याकडे झाला त्याचा मार्गदर्शक मीच होतो. बहुतेक ठिकाणी दोन प्रश्नावल्या. इंटरनेटसाठी किंबर्ली यंग यांची वीस प्रश्नांची, आणि झोपेसाठी पीएसक्यूआय, म्हणजे पिट्सबर्गची १९८९ ची. तिच्यात सात घटक, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण एकवीस. पाचाच्या वर गेलं की झोप वाईट समजायची.

आता अडचणी ऐका. फॉर्म फिरला व्हॉट्सॲपवर. भरला कोणी? जो ऑनलाइन होता त्यानं. पोफळबन, जून महिन्यात तुम्ही अंधारात झावळ्या ओढत होतात तेव्हा माझा फॉर्म तुमच्यापर्यंत येऊच शकला नसता, आणि तुमच्याकडेच सर्वांत मोलाचं उत्तर होतं. दुसरं, यंग यांची प्रश्नावली १९९८ ची, इंटरनेट म्हणजे टेबलावरचा कॉम्प्युटर होता त्या काळातली. ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ ऑनलाइन राहता का, असं ती विचारते. ज्याचं आख्खं कॉलेजच फोनमध्ये आलंय त्यानं काय उत्तर द्यायचं?

तिसरी गोष्ट मला काल, तुमची कॉट वाचताना सुचली आणि रात्रभर डोक्यात राहिली. पीएसक्यूआयमध्ये अंथरुणात किती तास होतात आणि त्यातले झोपलात किती, याचं प्रमाण काढतात. त्यासाठी रात्री अंथरुणावर कधी जाता आणि सकाळी कधी उठता हे विचारतात. तुम्ही तर दुपारपासून अंथरुणातच होतात! माझ्या कितीतरी मुलांनी तिथे काय लिहिलं असेल? गुण मोजले, टक्केवारी काढली, पण मूल दिवसभर कॉटवरून उठलेलंच नाही हे आमच्या आकड्यांत कुठेच उमटलं नाही.

आणि एकाच वेळी विचारलेल्या प्रश्नांवरून आधी काय आणि नंतर काय ते ठरत नाही. फोनमुळे झोप गेली, की झोप येत नाही म्हणून फोन घेतला? दोन्ही खरं असू शकतं. त्या वेळच्या मुलांना 'व्यसनी' म्हणून मोकळं होणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. गेमिंगच्या विकाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत जागा आहे, सरसकट 'इंटरनेटचं व्यसन' असं निदान त्यात नाही.

भीमाकाठ

मी २०१७ ची बॅच, दुसऱ्या लाटेत फायनल इयरला. एक वेगळी बाजू लिहितो, राग मानू नका.

एप्रिल २०२१. आम्ही अकरा जणांनी बेडची यादी चालवायला घेतली. लोक ग्रुपवर नंबर फिरवायचे आणि त्यातले बरेच जुने, बंद किंवा खोटे असायचे. आमचं काम एकेका नंबरला फोन लावून विचारायचं, ऑक्सिजनचा बेड आहे का, आहे तर यादीत वेळेसकट टाकायचं. 'रात्री १.४० ला खात्री केली.' माझी पाळी बारा ते चार. दहा मिनिटांत यादी शिळी व्हायची, म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

एका रात्री एका माणसाला पाच तास शोधून तीनच्या सुमारास बेड मिळवून दिला. साडेतीनला त्यांचा फोन आला. म्हणाले, "डॉक्टर, बेड आता नको. दुसऱ्या कोणाला तरी द्या." मला डॉक्टर म्हणाले, मी अजून पास व्हायचो होतो. फोन ठेवायच्या आधी थँक्यूही म्हणाले.

मे महिन्यात फायनलच्या मुलांना सौम्य पेशंटच्या फोनवरच्या देखरेखीसाठी घेता येईल असं सरकारनं जाहीर केलं, मग तेही काम केलं. लाट ओसरली, यादी बंद झाली, आणि तरीही मला रोज पावणेदोनला जाग यायची. पुढचे सात-आठ महिने. फोन वाजलाय असं वाटायचं. उचलून बघायचो, काही नाही, मग तो हातातच राहायचा आणि उजाडायचं. माझ्या फोनचे तास मोजले असते तर मी पहिल्या नंबरचा व्यसनी ठरलो असतो. मला सकाळच्या उजेडाची नव्हे, त्या माणसाबद्दल कोणाशी तरी बोलायची गरज होती. ते मी २०२३ मध्ये बोललो.

पोफळबन

भीमाकाठ, राग कशाचा. दोनदा वाचलं आणि उठून बाहेर जाऊन आले. तुमच्या जागरणाला अतिवापर म्हणायची माझी हिंमत होणार नाही. मी माझ्या एका कॉटवरून सगळ्या बॅचची गोष्ट सांगायला निघाले होते, तेवढं मागे घेते.

खडू_फळा सर, प्रश्नावलीचं तुम्ही लिहिलंत ते मला आयुष्यभर पुरेल. एक मी स्वतःच कबूल करते, वादळानंतरच्या माझ्या झोपेचं श्रेय फक्त फोन बंद होण्याला देता येत नाही. अंगमेहनत होती, दिवसभर बाहेर होते, दुपारची डुलकी बंद झाली होती, जेवण लवकर होतं. चार गोष्टी एकदम बदलल्या.

लेकाची_आई

तुम्ही सगळे डॉक्टर लोक, मी गृहिणी आहे. पण राहवलं नाही.

माझा मुलगा २०२० मध्ये बारावीला होता. नीटची प्रवेश परीक्षा सप्टेंबरपर्यंत लांबली, ॲडमिशन होऊन कॉलेज सुरू झालं ते २०२१ च्या फेब्रुवारीत. रात्री त्याच्या खोलीच्या फटीतून उजेड दिसायचा आणि मला बरं वाटायचं, पोरगं अभ्यास करतंय. दुपारी कोणाचा फोन आला तर मी हळू आवाजात सांगायची, रात्रभर वाचत होता, झोपू दे. कौतुकानं सांगायची.

आता त्याची इंटर्नशिप होऊन तो पीजीच्या तयारीला घरी आहे आणि घड्याळ तेच. पहाटे चार ते दुपारी एक. चिडका झालाय. जेवण एकटाच दुपारी तीनला करतो. त्याचे बाबा वायफाय बंद करतात, मग भांडण, मग तो मोबाइलचा डेटा वापरतो. आता तो वेगळ्या शहरातल्या वाचनालयात जागा घेणार आहे, तिथेच खोली करून राहणार. जायच्या आधी काही करता येईल का?

कृष्णातीर

काकू, मी मानसोपचारात पीजी करतेय. आधी एक विचारते. फक्त वेळ उलटी आहे की मनही उतरलंय? आवडीच्या गोष्टींतून लक्ष गेलंय, जेवण कमी झालंय, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलतो, यातलं काही असेल तर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. त्याला एकट्याला, भांडण नसताना विचारा.

तसं काही नसेल तर वायफाय बंद करणं थांबवा. त्यातून फक्त वैर वाढतं. या वयात शरीराचं घड्याळ मुळातच उशिरा धावतं, एकोणीस-विशीच्या आसपास सर्वांत जास्त. आळस नाही तो. झोपायची वेळ हुकमानं आणता येत नाही, उठायची आणता येते. म्हणून सुरुवात उठण्यापासून. एक वाजताचं एकदम सहा करू नका. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा-पाऊण तास अलीकडे. उठल्याबरोबर बाहेर, गच्ची किंवा अंगण, अर्धा तास, चहा तिथेच. रविवारीही तीच वेळ, इथेच सगळे घसरतात. दुपारी झोपायचंच तर वीस मिनिटं, तीनच्या आत. कॉफी दुपारनंतर नको, कारण तिचा निम्मा अंमल पाच-एक तासांनीही शरीरात असतो.

पोफळबनची कॉट आमच्या शास्त्रातही आहे. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सांगितलं, की अंथरूण झोपेसाठीच ठेवा. तिथे वाचन नाही, व्हिडिओ नाही, काळजी नाही. साधारण वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसरीकडे बसा, पेंग आली की परत. म्हणजे त्याचा अभ्यास टेबलाशी आणि फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत. पहिले चार-पाच दिवस तो जास्त चिडेल, दिवसा पेंगेल. तेव्हा माघार घेऊ नका. झोपेच्या गोळ्या किंवा मेलाटोनिन मित्राच्या सांगण्यावरून घेऊ देऊ नका, मेडिकलची मुलं हे हमखास करतात.

आणि काकू, घरात कोणीतरी त्याच्याबरोबर उठा. एकट्यानं हे फार अवघड जातं.

लेकाची_आई

सतरा दिवसांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

त्याच्याशी बोलले. एकदम नाही, दोन दिवस धीर गोळा करून. मन उतरलेलं नाही म्हणाला, पण पहिल्या प्रयत्नात नंबर लागला नाही त्याची लाज वाटते, दिवसा सगळे जागे असतात तेव्हा विचारतात, रात्री कोणी विचारत नाही. मला हे कळलंच नव्हतं.

वायफाय आता बंद करत नाही. त्याचे बाबाच त्याच्याबरोबर गच्चीवर जातात. पहिले दिवस दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, नुसते कप घेऊन उभे. चौथ्या दिवशी फार भांडण झालं, कृष्णातीर ताईंनी सांगितलं होतं म्हणून मी मध्ये पडले नाही. काल तो पावणेआठला उठला. झोपतो अजून एक-दीडलाच, पण दुपारचं जेवण आमच्याबरोबर करतो. पुढच्या सोमवारी तो जाणार. तिथे खोलीत चौघं, त्यातले दोघं रात्री वाचणारे. तिथे गच्चीवर कोण जाणार त्याच्याबरोबर?

पोफळबन

काकू, वाचून फार बरं वाटलं. काकांना माझा नमस्कार सांगा.

मी केलं ते सांगते. डिसेंबर २०२० मध्ये कॉलेज पुन्हा उघडलं तेव्हा खोलीचं दार लोटलं तर ॲप्रन त्याच खुंटीला होता, कॉलरवर बुरशी चढलेली. झोप मात्र तशीच उलटी घेऊन आले होते. शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीचंही तेच. आम्ही दोघींनी ठरवलं, सव्वासातला खाली चहाच्या टपरीवर. जी येणार नाही तिच्या दारावर दुसरीनं येऊन थाप मारायची, ती उघडेपर्यंत. रात्री कितीला झोपलीस हे विचारायचं नाही. फोनचा अलार्म नको म्हणून तिनं गावातून चावीचं घड्याळ आणलं, ते आम्ही खिडकीत ठेवायचो, हात पोचणार नाही असं.

त्याला वाचनालयात असा एक जण शोधायला सांगा. रात्री वाचणारे दोघं वाचू देत, त्यांच्याशी वाद नको. सकाळी दारावर थाप मारणारा एक मिळाला तरी चालेल. आणि पहिले काही दिवस तो मिळेपर्यंत काकांनी ठरल्या वेळेला फोन करावा, इथे गच्चीवर उभं राहून. तिथे त्यानं बाहेर येऊन उचलावा.